चार बोटं खाली

मारेगाव,
दि. २६ नोव्हेंबर २००६

प्रिय नलूताई,
जय भीम.

आठ वर्षांनी माझं अक्षर पाहून तू आधी पाकीट उलटंसुलटं करशील, मग चष्मा शोधशील. घाबरू नको, कोणी आजारी नाही. मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण चालून राह्यली. तुझा धम्मरत्न अधूनमधून फोन करतो, तुझी खबर देतो. बी.पी.ची गोळी सकाळीच घेत जा, संध्याकाळवर ढकलू नको. नर्सबाईची सवय, काय करू!

बातमी अशी की मी घर घेतलं. यवतमाळला, गावाच्या कडेला नवीन लेआउट पडलं आहे. तीन वर्षांआधी तिथं कापसाचं वावर होतं. आता सहा सारखी घरं आहेत, त्यातलं शेवटलं माझं. ३१ डिसेंबरला मी रिटायर होते, मग हे क्वार्टर सोडायचं. तेहतीस वर्षं सरकारी छपराखाली काढली ग, आता माझ्या दाराला माझं कुलूप. इतका आनंद होतो की ड्युटीवर असताना पर्समधली किल्ली चाचपून पाहते.

आता गंमत ऐक. चिकनगुनियाच्या साथीत मला दोन महिने यवतमाळचं तोंड दिसलं नाही. साथ ओसरल्यावर गेली, कुलूप उघडलं, तर मागची खोलीच गायब! हॉल आणि खोलीमधली भिंत पाडून एक लांबलचक हॉल करून ठेवलेला. मागची खिडकी मी बुटकी सांगितली होती, नकाशावर स्वतः पेन्सिलनं खूण केली होती. ती चढवली चार फुटांवर. आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात हे एवढं पांढऱ्या संगमरवराचं देवघर, कळसासहित!

बिल्डर विठ्ठलराव म्हणून आहेत. आधी कापसाचे व्यापारी होते, तो धंदा बसला तसे घरं बांधायला लागले. माणूस वाईट नाही, पण कानाचा फार हलका. मी चिडली तर म्हणतात, "मॅडम, राळेगावचं एक गिऱ्हाईक आलतं. म्हने हॉल मोठा पायजे, पावने बसले पायजे. म्हणून मी सहाही घरची भिंत काढली."

"मंग घेतलं का त्यानं घर?"

"नाही ना! यंदा कापसाले भाव नाही, घेते कोन?"

घ्या! गिऱ्हाईक आलं, बोललं आणि गेलं. माझी भिंत मात्र जिवानिशी गेली. मी म्हटलं, मले माझी खोली परत पाहिजे. तर हसून म्हणतात, "एकट्या बाईमाणसाले दोन खोल्या कायले पायजे मॅडम?"

ताई, मला कोणी असं विचारलं की मी एरवी सोलून काढते. तेव्हा मात्र "पाहिजे म्हणजे पाहिजे," एवढंच म्हणत राह्यली.

देवघराचं मात्र लगेच मिटलं. मी सांगितलं, आमच्यात देवघर नसते. तर बिचारे कावरेबावरे झाले. "मिस्त्री सगळीकडे बसवत गेला, इथं ध्यानच नाही राह्यलं. मूर्ती तुमची ठेवा मॅडम, पन दगड तोडू नका, मकरान्याचा आहे!" मला हसू आवरेना. मग कळस तेवढा उतरवला. तिथं आता आपल्या आईची बुद्धमूर्ती बसेल. आई असती तर म्हणाली असती, पोरीनं मूर्तीला बंगला घेतला.

भिंतीसाठी मी तीन रविवार एस.टी.नं जाऊन त्यांच्यासमोर बसून राह्यली. चौथ्या रविवारी त्यांनी हात जोडले आणि मिस्त्रीला बोलावलं. त्याची बायको मानीबाई त्याच्याच हाताखाली काम करते. भिंत उठली. राह्यली खिडकी. मिस्त्री म्हणे, "नेमकी किती खाली घेऊ? इतकी बुटकी खिडकी कोनी ठेवत नाही."

मी म्हटलं, जमिनीवर बसलं की बाहेरचं दिसलं पाहिजे.

"मंग बसून दाखवा."

बसली मी, रेतीसिमेंटात, इस्त्रीच्या पांढऱ्या साडीत. त्यानं माझ्या डोळ्याच्या रेषेत भिंतीवर खडूनं खूण केली. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "चार बोटं खाली घे. ती माझ्यापेक्षा बुटकी आहे."

"ती कोन?" मानीबाईनं विचारलं.

"माझी मोठी बहीण. वाकळा शिवते. तिला खुर्चीवर बसवत नाही, दिवसभर खालीच बसते. ती राह्यणार आहे या खोलीत."

विठ्ठलराव म्हणाले, "मंग हे आधी सांगाव ना मॅडम!"

आधी कसं सांगू? तुलाच विचारलं नव्हतं. स्वतःलासुद्धा नाही.

आता लिहितेच. भाऊजी गेले त्या वर्षी तू पेटी घेऊन मारेगावला आलती. मी चहा केला आणि म्हटलं, इथं जागा नाही, क्वार्टरमध्ये दुसऱ्या माणसाला ठेवायचा नियम नाही. तू कप विसळून ठेवला आणि दुपारच्या गाडीनं परत गेली. ताई, असा नियम कोणताच नव्हता. दुसरी खाटही होती. तिच्यावर मी लसीकरणाची रजिस्टरं रचून ठेवलती. मला तुझ्या रडण्याची भीती वाटली. माझी एकटीची घडी मोडेल असं वाटलं. लोकांच्या दारोदार जाऊन बायांना धीर देणारी मी, आणि सख्ख्या बहिणीला चहावर वाटेला लावलं. याची मला रोज लाज वाटते. रोज.

तुला आता गरज नाही हे मला माहीत आहे. सून गुणाची आहे, नातू मांडीवर आहे. तेव्हा तुला गरज होती, आता मला आहे. ये म्हणायला मला तोंड नाही, तरी म्हणते. कायमची नको, महिनाभर ये, आठ दिवस ये. चिडायला ये. आठ वर्षांचं एकदम बोल, मी ऐकून घेईन.

३ जानेवारीच्या पौर्णिमेला वंदना आणि खीरदान करून घरात जायचं ठरवलं आहे. मानीबाई प्रत्येक वेळी विचारते, "मोठ्या बाई कधी येते?" मी सांगून टाकते, पौर्णिमेला. तिला खोटं पाडायचं की खरं, तुझ्या हातात आहे.

काल खिडकी बसली. मी खाली बसून पाहिलं. लेआउटपलीकडे अजून एक वावर राह्यलं आहे, तिथं बाया वेचणी करतात, ते सारं दिसतं. मला जराशी मान वाकवावी लागते. तुला नाही लागणार.

दुसरी खाट त्या खोलीत नेऊन टाकते. तिच्यावर काही ठेवणार नाही.

जागा आहे, ताई.

तुझी,
साधना