टॉपर भेंडीचा मुक्काम नायगाव

लातूर, मे अखेर, १९९९

तीर्थरूप सुभद्राआत्यांना अयोध्याचा वाकून नमस्कार. (कंबर धरल्यामुळे अर्धीच वाकले आहे. उरलेलं नायगावला आल्यावर.) तुमचे गुडघे कसे आहेत? भूकंपापासून अंगणात टाकलेली बाज तुम्ही अजून आत नेली नाही असं कळलं. निदान मच्छरदाणी तरी लावत जा. मी इकडं मजेत आहे. मजेत म्हणजे काय आत्या, काळी ठिक्कर पडलेय, नखं मातीनं भरलीत, आणि एवढी खूष मी बारावीच्या निकालादिवशीही नव्हते! (त्या दिवशी घरात कुणीच खूष नव्हतं म्हणा.)

तुम्हाला माहीतच आहे, मेडिकल थोडक्यात हुकलं म्हणून मी शेतकी कॉलेजात आले आणि बाबा, म्हणजे तुमचे लाडके धाकटे बंधू, वर्षभर तोंड फुगवून बसले. त्यांनी इथल्या एका क्लासच्या रिपीटर बॅचमध्ये परस्पर माझं नावही घालून ठेवलं. लातुरात आता क्लास नाही अशी गल्लीच उरली नाही. परवा दळण घेऊन गेले, तर गिरणीच्या माळ्यावर केमिस्ट्री चाललेली. पीठ खाली, पोरं वर! हो-ना करता करता बाबा एवढंच कबूल झाले की सुट्टीभर कॉलेजच्या भाजीच्या मळ्यात काम कर, शेवटच्या दिवशी मी येऊन बघतो. दाखवण्यासारखं काही निघालं तर शेतकी, नाहीतर गप क्लासला बसायचं. आमचे सिद्धराम सर या कामाला इंटर्नशिप म्हणतात. (शब्द त्यांनी पुण्याहून आणलाय.) बाबा खुरपणी म्हणतात.

मळा होस्टेलच्या मागं. भूकंपानंतर तिथं पत्र्याची शेडं होती, अजून खुरप्याला खिळे लागतात. सरांनी मला आणि मुनीबला भेंडीचा वाफा दिला. हा मुनीब माझ्याच वर्गातला, गंजगोलाईच्या बाजारातल्या बांगडीवाल्यांचा, बारावीला क्लासच्या परीक्षेत कायम पहिल्या पाचात, त्यामुळं त्याला प्रत्येक गोष्टीचा पॅटर्न सुचतो. झाडं फुलावर आली आणि नेमके सर लेकीच्या बाळंतपणासाठी नांदेडला गेले. मुनीब म्हणाला, "पोरं असो का भेंडी, लातूर पॅटर्न एकच हाय." झालं! जोमदार झाडांची ए बॅच, मरतुकड्यांची बी बॅच. ए बॅचला जादा शेणखत, जादा पाणी, उन्हाला गोणपाटाची सावली. त्यांच्यावरच्या टपोऱ्या शेंगांना मुनीबनं दुकानातून आणलेल्या लाल फिती बांधल्या. या टॉपर. यांना हात लावायचा नाही, महिनाभर वाढू द्यायचं आणि शेवटच्या दिवशी सगळ्यांचे डोळे दिपवायचे. बी बॅचकडं कोण बघतो! मेसच्या डाळीचा कंटाळा आला की त्यांच्या कोवळ्या भेंड्या तोडून आम्ही तव्यावर परतायचो, तेवढाच त्यांचा उपयोग.

आत्या, टॉपर काय वाढल्या म्हणून सांगू! आधी बोटाएवढ्या, मग वितीएवढ्या, मग लाटण्याला लाजवतील अशा. आम्ही रोज सकाळी पट्टी घेऊन पळायचो. मुलींच्या होस्टेलमध्ये माझा भाव वाढला. पुढं पुढं त्या तपकिरी पडायला लागल्या, तर मुनीब म्हणाला, पिकून राहिल्यात, गोड होतील. (हसू नका. भेंडीचा धडा दुसऱ्या वर्षाला आहे, आम्ही पहिल्या वर्षाचे.) ए बॅचला नवीन कळी येईना, तेव्हा आम्हाला वाटलं, सगळं लक्ष अभ्यासात आहे.

शेवटच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी सर परत आले. लई शांत माणूस. त्यांनी एक टॉपर तोडली, चाकू मागितला, मग चाकू बाजूला ठेवून कोयता मागितला. मग म्हणाले, "बाळांनो, जून झाली. अशी भाजी कुणी खात न्हाई. अन् शेंगा झाडावर जून झाल्या की झाड फळणं बंद करतंय." बी बॅच मात्र आम्ही रोज तोडून तोडून अशी लगडली होती की टोपल्या पुरेनात! मुनीब कपाळाला हात लावून बांधावर बसला. मला तर डोळ्यांसमोर रिपीटर बॅचचा बाकच दिसायला लागला.

आणि सकाळी बाबा आले. पहिल्या गाडीनं, रेणापूरहून, इस्त्रीचा शर्ट घालून. मी बी बॅचच्या टोपल्या पुढं करायच्या आत त्यांची नजर लाल फितींवर. "अगं बाबौ! ही भेंडी हाय का दुधी?" कोवळ्या भेंडीला त्यांनी हातसुद्धा लावला नाही. टॉपर तेवढ्या मोजून मोजून, जपून तोडल्या, पिशवीत भरल्या आणि बसस्टँडवर कंडक्टरला, रिक्षावाल्याला, रसवंतीवाल्याला दाखवत सुटले, "माझ्या लेकीनं पिकवली!" मग गाडीत चढता चढता म्हणाले, "शीक, शेतकीच शीक. रविवारी ही भेंडी घेऊन अक्काकडं जातो." अक्का म्हणजे तुम्हीच की! आत्या, मी स्टँडवरच रडले. आनंदानं, आणि भीतीनंही.

बाकी काय, सगळं ठीक. थोरांच्या पाया पडते, लहानांचे गाल ओढते. पत्र पोस्टानं वेळेत पोचणार नाही म्हणून नायगाव गाडीच्या ड्रायव्हरकडं देतेय.

तुमची,
अयोध्या

ता.क. : मुद्द्याचं राहिलं. बाबा आले की आधी त्यांना चहा द्या, आणि ते हातपाय धुवायला गेले की पिशवीतली भेंडी काढून बाजारातली कोवळी भरा. कोवळी आणून आधीच चुलीमागं लपवा. त्या लाकडाचा एक घास जरी त्यांच्या दाताखाली आला, तरी माझं शिक्षण संपलं. पाया पडते, एवढं कराच.

दुसरा ता.क. : अदलाबदल नाहीच जमली, तर कवळी काढून ठेवा आणि न चावता "वा!" म्हणा.

तिसरा ता.क. : थांबा, काही बदलू नका! पाकीट चिकटवलेलं परत फोडलंय. आत्ताच सर भेटले, त्यांना सांगितल्याशिवाय राहवलं नाही. आत्या, बाबांना सगळं कळलं होतं! पिशवी भरताना ते सरांना म्हणाले, "बियाण्याला झकास वाळलीय. अक्काच्या बांधावर लावतो. लेकीचं पहिलं पीक हाय, वाया कसं जाऊ देऊ?" रिपीटर बॅचमधलं नावही ते मळ्यात यायच्या आधीच, क्लासमध्ये जाऊन काढून आले होते. आणि सरांना बजावून गेले, "तिला यातलं काही सांगू नका. आजचा दिवस तरी खूष राहू द्या." तर आत्या, बी नीट लावा, आणि मला हे कळलंय असं बाबांना अजिबात सांगू नका. त्यांनाही खूष राहू द्या.