अखाजीपर्यंत बसता यावं

ब्राह्मणपुरी
९ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप सिंधुआक्कास,
गिरधरचा सा. न. वि. वि.

कोकिळाला जाऊन उद्या तीन महिने होतील. घरी ठीक आहे. भाग्येशने हरभरा काढायला घेतला. सूनबाई रूपालीची कंबर बाळंतपणापासून दुखते म्हणते, तरी वेळेवर जेवायला वाढते.

माझीही कंबर धरली आहे. खाली बसवत नाही. दुखवट्याला दारावर माणसं येतात तेव्हा मी ओट्याच्या खांबाला धरून उभा राहतो. बायकोना दारवर बी बसना नही, असं भावकीतला चंदन गावात बोलला म्हणे. त्याचं त्याच्यापाशी. पण अक्षय तृतीयेला, अखाजीला, पितरांसोबत कोकिळाच्या नावाची पहिली घागर भरायची आहे. आपल्या आईवडिलांच्या घागरींची तयारी दरवर्षी तीच करायची. तिची घागर मीच भरणार. तासभर पाटावर बसणं जमेल का, याची धास्ती आहे. फोनवर बोललं की सगळं घर ऐकतं, म्हणून लिहिलं.

आहे ती माया तशीच ठेव.
गिरधर


धानोरा
१७ फेब्रुवारी

चि. गिरधर यास अनेक आशीर्वाद. इकडे सारे खुशाल.

कंबर धरली की माणसाला वाकता येत नाही, भाऊ. तुला बसता येत नाही. तीस वर्षं कारखान्याच्या वजनकाट्यावर बसून ट्रक तोललेस, माझ्यापुढे शब्द नको तोलू.

कोकिळासुद्धा दोन वर्षं कंबरच म्हणत होती. तू मलम आणून देत होतास. गर्भाशयाचं कळलं तेव्हा उशीर झाला होता. तुला दुखवायला लिहीत नाही. नेमकं कुठे दुखतं ते लिही. लहानपणी तुझं ढुंगण मीच धुतलं आहे, माझ्यापुढे कसली लाज?

चंदनचं मनावर घेऊ नको. स्वतःच्या बापाच्या दारावर तो मोबाइल बघत बसला होता.

उलट टपाली कळव, नाहीतर मीच येऊन बसेन.
तुझी आक्का


ब्राह्मणपुरी
५ मार्च

ती. आक्कास सा. न.

तू विचारलंस म्हणून लिहितो. दुखतं ते मांड्यांच्या मध्ये, बसायच्या जागी. बसलं की निखारा ठेवल्यासारखं होतं. लघवीलाही त्रास होतो. कोकिळाचंही खालीच सुरू झालं होतं. मलाही तेच असेल, या भीतीने तपासायला जात नव्हतो.

तुझ्या पत्रानंतर नंदुरबारला गेलो. रक्त, लघवी, सोनोग्राफी झाली. डॉक्टर म्हणाले, गाठ नाही, तिथले स्नायू आखडले आहेत. त्यांनी फिजिओथेरपीची चिठ्ठी दिली. तिथे गायत्री नावाची मुलगी असते, रूपालीच्या वयाची. काय दुखतं असं तिने विचारलं आणि मी गुडघा म्हणालो. चांगल्या गुडघ्याला अर्धा तास शेक घेऊन परत आलो. चिठ्ठी खिशातच राहिली.

मोबाइलवर पाहून खालचे स्नायू आवळायचा व्यायाम करतो आहे, रोज तीनशे वेळा, मोजून. त्रास वाढला आहे. अखाजीला आठ आठवडे उरले. डॉक्टरांना काही दिसलं नसेल तर, असंही मनात येतं.

रागावू नको.
गिरधर


धानोरा
११ मार्च

चि. गिरधर यास आशीर्वाद.

गाठ नाही हे वाचून देवापुढे साखर ठेवली. गुडघ्याचं वाचून हसले, मग रडू आलं.

बोलता येत नसेल तर बोलू नको. चिठ्ठी त्या पोरीच्या हातात दे आणि भिंतीकडे बघ. तिला वाचता येतं. घागरीला भाग्येशला बसव असं सुचवणार होते, पण तू ऐकणार नाहीस. निदान दवाखान्याचं तरी ऐक.

जीव लागून आहे तुझ्याकडे.
आक्का


ब्राह्मणपुरी
२ एप्रिल

ती. आक्कास सा. न.

चिठ्ठी दिली. गायत्रीबाईंनी वाचली. गुडघ्याचा विषय काढला नाही, निघताना मात्र गुडघा कसा आहे असं विचारलं.

तीनशेचं ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, काका, मूठ आधीच वळलेली आहे, तुम्ही ती आणखी आवळताय. आता उलटं करायचं. उताणं पडून गुडघे वर घ्यायचे, पोटात सावकाश श्वास घ्यायचा आणि खालचं सगळं सैल सोडायचं. मांडीच्या आतले, कुल्ल्याचे स्नायू त्या दाबून मोकळे करतात. हात लावण्याआधी दर वेळी चालेल का म्हणून विचारतात. आठवड्यातून दोनदा जातो, बसमध्ये उभा राहून.

खुर्चीवर दहा मिनिटं बसवतं. जमिनीवर नाही. शनिवारी पुन्हा तीच कळ आली, तेव्हा रिपोर्ट काढून परत वाचला. बाई म्हणाल्या, कमीजास्त होणार, महिने लागतील, अखाजीचा शब्द देत नाही.

देवाला माझ्यासाठीही सांग.
गिरधर


ब्राह्मणपुरी
२ मे

ती. आक्कास सा. न.

घागर भरली. पाटावर गोधडीची जाड घडी ठेवून बसलो. पाणी ओतताना कळ आली. श्वास सोडत राहिलो. घागरीवर डांगराचं फळ ठेवलं, गोड सांजोरी ठेवली. मग सोसवेना. उठून खांबाशी उभा राहिलो. सगळी भावकी बघत होती. चंदनने विचारलं, काय भाऊ, पुन्हा उभा? मी सांगितलं की मला खाली, बसायच्या जागी दुखतं, नंदुरबारला उपचार चालू आहेत. मी परत बसलो आणि कोकिळाच्या नावाने विस्तवावर घास-तुपाची आगारी टाकली.

रूपाली तूप घेऊन मागे उभी होती. तिने ऐकलं असावं. उठता-बसता तिचा हात कमरेवर जातो, कधी ओटीपोटावर. सासऱ्याने काय विचारावं? गायत्रीबाईंचा पत्ता एका कागदावर लिहिला. खाली लिहिलं, सांगता येत नसेल तर लिहून दिलं तरी चालतं. कागद सांजोऱ्यांच्या डब्यावर ठेवला.

संध्याकाळी डबा तिथेच होता. कागद नव्हता.

तुझा,
गिरधर