डाव्या चाकातलं खट्ट

धरणगाव, मंगळवार, दिवेलागण

आमच्या जुन्या गाडीच्या पुढच्या डाव्या चाकाचा बॉल जॉइंट खिळखिळा झालाय, चाक कधीही निसटेल, असं मेकॅनिकने परवाच सांगितलं होतं. तरी आज ती विकायला यांनी शेजारच्या नानांना ट्रायल दिली ती मुद्दाम गुळगुळीत हायवेवर. खड्ड्यात चाकातून येतं ते खट्ट तिथे वाजतच नाही. मी मागे बसून गप्प. का गप्प बसले? नाना "गाडी भारी शे!" म्हणत पैसे देऊन घेऊनही गेले.

मघाशी त्यांच्या मुलीचा फोन. "काकू, धुळ्याला निघालोय, पप्पा चालवताहेत. स्पीडब्रेकरवर डावीकडे खट्ट वाजतं. जुन्या गाडीचं वाजतंच ना?"

यांनी खूण केली, हो म्हण.

"नानांना म्हण, आत्ताच्या आत्ता गाडी थांबवा!" मी ओरडलेच.

गाडी पारोळ्याच्या अलीकडे उभी आहे. हे तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत.

नाही तर नाही.