सवतीच्या डब्यातली मॅक्रोनी

नागपूर, १९७४

वच्छलाताईले,

तू देवाघरी गेल्यावर मी दुसरेपणावर या घरात आली. रीतीनं तुझ्या नावाचा चांदीचा टाक गळ्यात घातला, अन् त्या टाकातल्या तुले निवद दाखवल्याबिगर कधी घास घेतला नाही.

आज तुझ्या डब्यात मॅक्रोनी सापडली. त्यायनं तुझ्यासाठी कामठीच्या मिलिटरी कॅन्टीनातून आणलेली. मले कोण शिकवणार? मी शेवयांसारखी दूध-साखरेत शिजवली.

"वच्छला मीठ घालायची," ते म्हणाले. तरी दोनदा मागून खाल्ली. मी हरखली, अन् तुले विसरून तशीच जेवली.

उरलेली गंजात गरम करायले चुलीवर वाकली, तं तापल्या गंजाले टेकून टाक छातीले पोळला.

काहून वं ताई? तुझा घास चुकला म्हणून, का त्यायनं दोनदा मागितली म्हणून?

तुझ्या जागेवरची,
गोपिका