शनिवारी थॉमसन जेवायला आला

अण्णा, शनिवारी आमच्याकडे थॉमसन जेवायला आला होता.

घाईघाईने उठू नका, कोट शोधू नका. तुमचा थॉमसन नव्हता तो. तुमच्या कचेरीचे गोरे थॉमसनसाहेब बोटीत बसून विलायतेला गेले त्याला साठ वर्षं होऊन गेली, आणि तुम्हाला जाऊनही पंचवीसच्या वर झाली. पण हे नाव कानावर पडताच तुम्ही असाल तिथे पाठ ताठ करून उभे राहिला असाल, याबद्दल मला शंका नाही. ठाण्याच्या आपल्या दोन खोल्यांत आम्हा जित्याजागत्या माणसांपेक्षा त्या गेलेल्या माणसाचाच वावर जास्त होता. भाजीत मीठ कमी पडलं की तुम्ही आईला सांगायचात, थॉमसनसाहेब अन्नाला कधी नावं ठेवत नसत. माझा निकाल लागला की म्हणायचात, साहेब असते तर आधी त्यांना पेढे नेऊन दिले असते. आणि हेही तुम्हीच कौतुकाने सांगायचात की तुमच्या आधीच्या हेडक्लार्कच्या नावानेच तो तुम्हाला हाक मारायचा, कारण नवं नाव लक्षात ठेवायचा त्याला कंटाळा. नऊ वर्षं! नऊ वर्षं तुम्ही दुसऱ्याच्या नावाला ‘येस सर’ म्हणत राहिलात आणि त्यात तुम्हाला जिव्हाळा दिसला. मला तेव्हाही किळस यायची, आजही येते.

आणि ती घंटी. जाताना साहेबाने टेबल रिकामं करताना तुम्हाला दिलेली, पितळेची, वरचं बटण दाबलं की टिंग करणारी. टेबलावरची ती घंटी वाजली की बाहेरून शिपाई धावायचा, आणि शिपाई जागेवर नसला की तुम्ही धावायचात. ती तुम्ही घरी आणून कुठे ठेवलीत, तर देवघरात! अन्नपूर्णेच्या शेजारी. आपली परंपरेची घंटा माळ्यावर गेली आणि रोज सकाळी पूजेला टिंग-टिंग सुरू झालं. खंडेनवमीला लोक हत्यारं-अवजारं पुजतात, तुम्ही तिला झेंडू वाहायचात. आई बिचारी कधी उलट बोलायची नाही, पण एकदा ताटं घेता घेता म्हणाली, “देवांना काय शिपाई समजलात का हो?” तुम्ही इतके रागावलात की त्या दिवशी जेवला नाहीत. मी तेव्हा आठवीत असेन. मला हसू आवरेना आणि तुम्ही मला खोलीबाहेर काढलंत.

या बावळटपणाला मी हसून सोडून दिलं असतं. म्हातारा माणूस, जुनी नोकरी, असेना का. पण तुमची मान ज्या सहजतेने एका आडनावापुढे वाकायची, तितक्याच सहजतेने दुसऱ्या आडनावापुढे ताठ व्हायची, आणि ते मी सोडून देऊ शकत नाही. एम.एस्सी.ला माझ्या वर्गात एक मुलगा होता. आमच्यात काय होतं ते तुम्हाला चांगलं माहीत होतं, म्हणून तर तुम्ही त्याला रविवारी घरी बोलावलंत. तो इस्त्रीचा शर्ट घालून आला, खुर्चीच्या कडेवर बसला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी आहे. तुम्ही विचारता, “आडनाव?” तो सांगतो. “कुठले?” तो गाव सांगतो. आडनाव त्या भागात चार जातींत चालणारं, त्यामुळे तुमचं काम अजून झालेलं नाही. तुम्ही चष्मा पुसता, आणि अगदी गोड आवाजात विचारता, “गावात घर कुठल्या बाजूला?”

तो माझ्याकडे बघतो. मग तुमच्याकडे बघत म्हणतो, “ओढ्याच्या पलीकडे.” तुम्ही “बरं बरं” म्हणता आणि आईला चहा आणायला सांगता. तुमचा चहा कपबशीतून आला, त्याचा स्टीलच्या पेल्यातून. त्याने तो सगळा प्यायला, आईला नमस्कार केला आणि जिना उतरून गेला. तुम्ही मला एवढंच म्हणालात, “मुलगा हुशार आहे. पण घराणं बघावं लागतं.” दुसऱ्या दिवशी सकाळी तुमचं टिंग-टिंग नेहमीसारखं सुरू होतं. साहेबाचा बाप तिकडे काय करत होता, त्यांच्या गावात त्यांचं घर कुठल्या बाजूला होतं, हे विचारायची तुमची नऊ वर्षांत छाती झाली नव्हती. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. पुढे तुम्ही पसंत केलेल्या आडनावात मी गेले. नवरा सज्जन आहे, संसार बरा झाला, त्याची तक्रार नाही. पण त्या दिवसानंतर तुमच्याविषयी माझ्या मनात आदर उरला नाही, आणि मी तो परत शोधलाही नाही.

नोकरीसाठी आम्ही सिंगापूरला आलो आणि तुम्ही एकदाच इथे आलात, ते आठवतं ना? आम्ही क्वीन्सटाउनला भाड्याने राहत होतो. तुम्हाला बागा नको होत्या, समुद्र नको होता. नकाशात अप्पर थॉमसन रोड दिसल्यापासून तुम्हाला तिथे जायचं होतं. बसमधून उतरलो, आणि त्या हिरव्या पाटीखाली तुम्ही भर फुटपाथवर चपला काढल्यात आणि हात जोडलेत. स्टॉपवरच्या एका बाईने आपली बाजाराची पिशवी जवळ ओढून घेतली. मी दातओठ खात म्हटलं, “अण्णा, हा दुसरा कुणीतरी. जमिनी मोजायला आला होता इथे. त्यांच्यात थॉमसन म्हणजे आपल्याकडे पाटील. गावोगाव असतात.” तुम्ही पाटीवरची नजर न काढता म्हणालात, “आडनाव एक म्हणजे घराणं एक. मूळ गाव कुठलं ते काढलं की सापडतं सगळं.” इंग्रजांनाही कुलदैवत असतं आणि वर्षातून एकदा सगळे थॉमसन तिथे नैवेद्य घेऊन जमतात, असंच बहुधा तुमच्या डोक्यात होतं.

त्यावर कडी म्हणजे तो वॉचमन. आमच्या शेजारच्या कॉन्डोच्या गेटवर एक म्हातारा चिनी बसायचा, त्याच्या बिल्ल्यावर नाव थॉमसन. आडनाव नव्हतंच ते. इथे शाळेत घालताना आईबाप आवडेल ते इंग्रजी नाव देतात, तसं दिलेलं. तुम्ही त्याच्यासमोर उभे राहून तुमच्या कचेरीच्या इंग्रजीत विचारलंत, “कुठले थॉमसन आपण?” तो दिलखुलास हसला. “तोआ पायो लाह, अंकल. यू लेह?” तोआ पायो म्हणजे इथलीच एक वसाहत, आणि वर तुम्हालाच उलट विचारत होता, तुम्ही कुठले. तुमचा चेहरा उतरला. घरी येऊन म्हणालात, “नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा,” आणि मग परत जाईपर्यंत त्या गेटवरून जायचं टाळलंत. त्या म्हाताऱ्याने नाव बाटवलं असं तुमचं म्हणणं होतं. आज आला असतात तर वेड लागलं असतं तुम्हाला. आता एमआरटीची, म्हणजे इथल्या मेट्रोची, अख्खी चॉकलेटी लाइन त्या नावाने धावते. त्या नावाचे कॉन्डो आहेत, क्लिनिकं आहेत, आणि एका फूडकोर्टात त्या नावाखाली माशाच्या डोक्याची आमटी मिळते. कुठे कुठे चपला काढल्या असत्यात?

तर शनिवार. तुमची नात आता अठ्ठावीस वर्षांची आहे. बुओना व्हिस्टाला लॅबमध्ये काम करते आणि तिथेच खोली घेऊन राहते. सोमवारी तिचा फोन आला की एकाला जेवायला आणतेय, लग्नाचं ठरवतोय. नाव विचारलं तर म्हणाली, “सरनेम थॉमसन आहे. आणि आई, प्लीज हं, तुझं ते कुठले-बिठले सुरू करू नकोस.” मी म्हटलं, “मी कशाला करू? मी काय तुझे आजोबा आहे?” तिला तुमची ती रविवारची गोष्ट माहीत आहे. ती सोळा वर्षांची असताना मीच सांगितली, जशी सांगायला हवी तशी, तुमची काहीही भीडभाड न ठेवता. ती रडली होती आणि मला तिचा अभिमान वाटला होता.

शुक्रवारी मी श्रीखंडाचा चक्का बांधला, पडदे धुतले. तुमची घंटी आमच्याकडे आहे, आईने जाण्यापूर्वी माझ्या हवाली केली. मी ती वाजवत नाही, देवघराखालच्या कप्प्यात असते. ती काढून चिंच लावून लख्ख घासली आणि दिवाणखान्यात ठेवली. नवऱ्याने विचारलं, आज हिचं काय? म्हटलं, पाहुणे यायचेत, जरा शोभेला.

बेल वाजली, दार उघडलं. उंच, चांगला काळासावळा मुलगा, हातात इथल्या हिरव्या पांडन केकचा खोका. बूट काढून नीट एका बाजूला ठेवले, आणि तुमच्या नातीने शिकवला असावा तसा “नमस्कार, आंटी” म्हणाला. इथल्याच चोआ चू कांग भागातला आहे. फिजिओथेरपिस्ट आहे. त्याचे पणजोबा केरळातून इथल्या ब्रिटिश तळावर कामाला आले, आजोबांचं पहिलं नाव थॉमसन ठेवलं, तेच पुढच्यांना आडनाव म्हणून लागलं. माझ्या नवऱ्याशी त्याची गुडघ्यांवरून गट्टी जमली. चार पुऱ्या जास्त खाल्ल्या, श्रीखंड मागून घेतलं. छान मुलगा आहे, अण्णा. मी वाढत होते, हसत होते, आणि माझं तोंड आपलं आपण बोलत होतं. केरळात कुठे? कुठलं गाव? तो सांगत होता. आणि मग अगदी गोड आवाजात, तो आवाज मी ओळखला, मी विचारलं, “आणि गावात घर कुठल्या बाजूला?”

“मी कधी गेलो नाही, आंटी,” तो इंग्रजीत म्हणाला, खाता खाता, त्याला काय कळणार. “पण आजोबा म्हणायचे, गावाबाहेर, पाण्याच्या पलीकडे. व्हाय, आंटी?”

तुमच्या नातीने हातातली वाटी खाली ठेवली. “आई,” ती म्हणाली, “दॅट्स आजोबाज क्वेश्चन.”

मी काहीतरी बडबडले, पावसाळ्यात तिकडे पाणी चढतं म्हणून विचारलं वगैरे. तिला ते ऐकूही आलं नसावं. जेवणानंतर चहा मी मुद्दाम चांगल्या चिनी मातीच्या कपांतून आणला, सगळ्यांना सारखा, आणि ती पूर्ण वेळ त्या कपाकडे बघत बसली. लवकर गेले दोघं. जाताना त्याने मला मिठी मारली, तिने नाही. तेव्हापासून ती फोन उचलत नाही. काल एक मेसेज आला. पुढच्या शनिवारी त्याच्या आईने चोआ चू कांगला आम्हाला जेवायला बोलावलं आहे. खाली लिहिलंय, “येणार असशील तर काही विचारू नकोस. विचारणार असशील तर येऊ नकोस.” माझी एकुलती एक मुलगी आहे ती, अण्णा. तुमची लेक तेव्हा तुम्हाला सोडून कुठे जाऊ शकत नव्हती, म्हणून तुमचं निभावलं. माझी जाऊ शकते.

हे सगळं खरं म्हणजे तिला लिहायला हवं होतं. तिला लिहायला धीर होत नाही, आणि तुम्हाला पाठवायला पत्ता नाही, म्हणजे हे इथेच राहणार. रविवारी सकाळी घंटी पुन्हा कप्प्यात टाकली. फेकून द्यायला निघाले होते, कचरा खाली टाकायच्या नळाच्या तोंडापर्यंत गेले आणि परत आले. तुमचा मला अजूनही राग येतो, तुमची कीवही येत नाही, आणि मी तुमच्यासारखी आहे असं कुणी म्हटलं तर त्याचं तोंड बघणार नाही.

फक्त एक. त्या प्रश्नाच्या कितीतरी आधी, तो दारात केकचा खोका घेऊन हसत उभा होता तेव्हा, मी “या या” म्हणत त्याच्या खांद्यावरून मागे, लिफ्टकडे बघत होते. थॉमसन अजून कसा आला नाही म्हणून.