सांगणाऱ्याला शिक्षा नाही

सातपाटी,
२८ सप्टेंबर २०२५, रविवार

पंढरी, बायकोच्या अक्षरातला कागद पुन्हा माझ्याकडे पाठवू नकोस. 'मुलीचा रसायनशास्त्र विषय बदलावा, वडिलांची परवानगी नाही' ही ओळ आणि खाली तुझी सही, दोन्ही नर्मदेच्या हातची. मी चौथीत शाळा सोडली असेन, पण बंदरातल्या निम्म्या बोटींची नावं तू रंगवली आहेस. ती अक्षरं मला किनाऱ्यावरून ओळखू येतात. तुझा 'प' ऐटीत उभा असतो. या कागदावरचा थकून बसलाय.

असो. तुम्हा दोघांना आशीर्वाद. मी आहे तशी आहे, गुडघे आपापल्या जागी दुखतायत. पाऊस सुटत नाही म्हणून बोंबील सुकत नाहीत आणि त्या वासानं शेजारीण नाक मुरडते, जशी काही ती अत्तराच्या दुकानात जन्मली. राहीबाई उद्या मासळी घेऊन बोईसरच्या बाजारात येणार आहे, तिच्या हाती हे पत्र देतेय. फोन करून काय करू? तुझा फोन नर्मदा उचलते आणि तू कायम झोपलेला असतोस, नाहीतर ड्युटीवर.

आता नीट वाच. काल मी पालघरला उन्नतीच्या कॉलेजात गेले होते, ती तुझ्याच बाजूनं. पोरगी माझ्याकडे राहून शिकते, तर तिचं भलंबुरं मलाच बघायला हवं. केमिकल म्हटलं की मला बोईसरच्या तुझ्या कारखान्यामागच्या नाल्याचा वास आठवतो. त्यात आपल्या पोरीनं आपणहून हात घालावा हे मलाही पसंत नव्हतं. नर्मदेचा तो कागद पदरात बांधून, विषय बदलूनच यायचं ठरवून मी निघाले.

वर्ष सुरू झालं तेव्हा तिच्या मॅडमनी नियमांचा कागद दिलेला, घरच्यांची सही करून आणायला. उन्नतीनं तो मला वाचून दाखवला तेव्हा मी हसले होते. केस बांधायचे, ओढणी नको, पाय झाकणारी चप्पल हवी. लेबल वाचल्याशिवाय बाटलीला हात नाही. वास घ्यायचा तर नाक बाटलीवर न्यायचं नाही, हातानं वारा आपल्याकडे घ्यायचा. तोंडात काही घालायचं नाही. प्रयोगाची वही दर आठवड्याला तपासून घ्यायची, वहीवर सही नसेल तर परीक्षेला बसता येणार नाही. दुसऱ्याचं बघून आकडे उतरवले तर शून्य. आपलं चुकलं तर खोडायचं नाही, एक रेघ मारायची, म्हणजे खालची चूक वाचता येईल. मी म्हटलं, ही शाळा हाय का पोलीस चौकी?

मॅडमचं नाव पुष्पलता. नाव फुलाचं आणि नजर माशाचे डोळे बघून मासळी घेणाऱ्या बाईची. मी कागद पुढे केला. त्यांनी वाचला, घडी घातली आणि म्हणाल्या, "आजी, आधी मुलगी काय करते ते बघा, मग विषय बदलायचा अर्ज मी स्वतः लिहून देते." मला एप्रन घातला. पदर आत खोचायला लावला. माझ्या चष्म्यावर आणखी एक चष्मा चढवला. एवढं नटून मी माझ्या लग्नातसुद्धा उभी राहिले नव्हते.

आत गेले तर आपली उन्नती. वेणी मागे बांधलेली, डोळ्यांवर तोच चष्मा. घरी सात हाका मारल्यावर 'काय?' म्हणणारी पोर, ती तिथं पुजाऱ्यासारखी उभी होती. समोर काचेच्या बशीत पांढरे खडे. हे काय आहे ते मॅडमना माहीत, पोरांना नाही, त्यांनी शोधून काढायचं. असा त्यांचा धडा.

आता माझा जन्म गेला मासळीला मीठ लावण्यात. पांढरे खडे दिसले की माझा हात मला विचारत नाही. चिमूट उचलायची, जिभेला लावायची, मीठ कडक आहे की मवाळ ते ठरवायचं. बोटं बशीत गेली आणि तोंडाकडे निघाली.

"आजी, हात खाली."

ओरडली नाही, पंढरी. आवाज नुसता खाली ठेवल्यासारखा ठेवला, आणि माझा हात खाली गेला. तुझ्या बापाच्या सांगण्यानं तो कधी गेला नव्हता. मला वाटलं आता पोरगी सावरून घेईल, कुणी बघितलं नाही म्हणेल. तिनं माझं मनगट धरलं, नळाखाली नेलं आणि तिथूनच म्हणाली, "मॅडम, माझ्या आजीनं क्षाराला हात लावला. तोंडापर्यंत गेला नाही. लक्ष माझं ठेवायला हवं होतं."

मी म्हटलं झालं, माझ्यापायी पोरीचे मार्क गेले. मॅडम आल्या, माझे हात साबणानं धुऊन घेतले, तोंड उघडून दाखवायला लावलं, आणि उन्नतीला म्हणाल्या, "बरोबर केलंस. पुढे चल." मी विचारलं, शिक्षा नाही? तेव्हा त्यांनी भिंतीवर लावलेल्या नियमांतला शेवटचा दाखवला. सांडलं, फुटलं, भाजलं, काहीही झालं, तरी तिथल्या तिथं सांगायचं. सांगणाऱ्याला शिक्षा नाही, लपवणाऱ्याला आहे. घरी उन्नतीनं हा नियम मला वाचून दाखवला नव्हता. का, ते मागाहून कळलं.

मग तिनं ते खडे पाण्यात विरघळवले. पाणी स्वच्छ, आपल्या पिण्याच्या पाण्यासारखं. त्यात दुसऱ्या बाटलीतलं पाणी थेंबाथेंबानं टाकलं, तेही स्वच्छ. आणि दोन्ही भेटल्याबरोबर हळद. कुठून आली ती? कुणी टाकली नव्हती, मी डोळे लावून बसले होते. मग तिनं नळी तापवली आणि हळद गेली, पाणी पुन्हा जसंच्या तसं. मी म्हटलं, घालवलंस ना सगळं. ती म्हणाली, "आता थांब."

थांबलो. नळी गार होत गेली. आणि त्या पाण्यात सोनं पडायला लागलं. खोटं नाही सांगत. चकचकीत बारीक बारीक पात्या वरून खाली तरंगत येत होत्या, भर उन्हात मासळीचा थवा अंग वळवतो ना, तशा. मी समुद्राच्या काठी म्हातारी झाले, असं काही बघितलं नव्हतं. मी हात जोडले. पोरं हसली असतील, मी बघितलं नाही.

मी विचारलं, हे काय हाय? ती म्हणाली, "शिसं आहे आजी. आपल्या जाळ्याला असतं तेच. आयोडीनबरोबर असं दिसतं."

आपलं शिसं. तुझा बाप चुलीवर वितळवायचा, मी त्याच्या पट्ट्या दातांनी दाबून जाळ्याला बसवायचे, ते. मॅडमनी सांगितलं की ते विष आहे, अंगात साठतं. म्हणजे ते पोटात सोनंही ठेवून होतं आणि विषही, आणि मी ते जन्मभर दातांत धरलं. मला कुणी नियमांचा कागद दिला नव्हता. कागदाची थट्टा करणारी मी, तिथं बसून तो सगळा पुन्हा वाचून घेतला. एकेक नियम कुणाच्या तरी बोटावरून, कुणाच्या डोळ्यावरून लिहिलेला आहे, हे मला तेव्हा कळलं.

अर्जाचं मी बोललेच नाही. तुझा कागद परत पदरात बांधला.

येताना रिक्षात मी पोरीला विचारलं, शेवटचा नियम मला का नाय वाचून दाखवलास? तिनं तोंड खाडीकडे वळवलं. मग म्हणाली, "बाबांनी शपथ घातली होती, हाताचं तुला सांगायचं नाही अशी. मग तो नियम कोणत्या तोंडानं वाचू?"

गणपतीला तू प्रसादाला डावा हात पुढे केलास. मी चार माणसांत तुला बोलले, तू मान खाली घालून ऐकून घेतलंस. उजवा हात रुमालात. मी म्हटलं, बोईसरला राहून फॅशन शिकला. लेबल नसलेला केमिकलचा कॅन उघडायला लावला कारखान्यात त्यांनी तुला. हातमोजे दिले नाहीत, हात भाजला. आणि घरी गरम तेल सांडलं असं सांग म्हणून ठेकेदारानं दम भरला, नाहीतर काम जाईल म्हणून. दोन बोटं आता वळत नाहीत, असं पोरगी म्हणाली. रडत नव्हती. नळीतलं जसं सांगत होती, तसंच सांगितलं, जे बघितलं ते.

तू तिला या विषयातून का काढतोयस ते मला कळलं. पण तू उलटं समजतोयस. तुझा हात त्या विषयानं नाही गेला. तो विषय जे शिकले नाहीत, किंवा ज्यांनी शिकून गुंडाळून ठेवला, त्यांच्यामुळे गेला. आपली पोरगी लेबल नसलेली बाटली उघडणार नाही, आणि दुसऱ्याला उघडू देणार नाही. काल तिनं मला ते खडे नाही चाखू दिले.

दसऱ्यानंतर कॉलेज उघडेल तेव्हा तो नियमांचा कागद तुझी सही होऊन हवा आहे. मॅडमनी नवा दिलाय, सोबत पाठवतेय. दसऱ्याला तू इथं ये. हात रुमालात घालून येऊ नकोस. तुझा हात बघायचा आहे मला. मग पालघरच्या डॉक्टरकडे जाऊ, आणि त्याला तेलाचं सांगायचं नाही, कॅनचं सांगायचं. ठेकेदाराचं काम गेलं तर जाऊ दे. बंदरात बोटी आहेत, त्यांना नावं लागतात, आणि तुला अजून एक हात आहे.

चुकलं ते खोडू नकोस. एक रेघ मार, खाली बरोबर लिही.

उत्तर तूच द्यायचंस. नर्मदेनं लिहिलेलं मी वाचणार नाही, पोरीच्या फोनवर आलेलं ऐकणार नाही. राहीबाई बाजार उठेपर्यंत थांबेल. उजव्यानं जमत नसेल तर डाव्यानं लिही, अक्षर कसंही येऊ दे, पण 'प' तुझा पाहिजे.

तुझी आई