आपल्याच फळीवरचा खोका

प्रिय ठमाबाई,

औषधाच्या दुकानाला सील लागून आज आठवडा झाला. तुझी आई म्हणते, तीस वर्षांत पहिल्यांदा दुपारी वेळेवर जेवायला बसताय, तर भाजीला नावं ठेवताय. परवाना राहतो की जातो, ते परवाच्या सुनावणीत ठरेल. बहुधा जाईलच. तू आईशी बोलतेस आणि माझा फोन मात्र उचलत नाहीस, म्हणून हा पत्राचा खटाटोप.

चूक माझी आहे, आधी तेवढं ऐक. माल संपला होता, गिऱ्हाईकं दारात ताटकळत होती, आणि एक गोडबोल्या एजंट अँटिबायोटिक गोळ्यांचे खोके घेऊन आला. बिल मागाहून देतो म्हणाला आणि मीही मान डोलावली. आयुष्यभर लोकांना शहाणपण शिकवणारा मी! मग पोस्टमनची धाकटी पाच दिवस त्याच गोळ्या घेऊनही तापाने फणफणत राहिली, तिला इस्पितळात ठेवावं लागलं. आता बरी आहे. तिचा बाप दुसऱ्या दिवशीही आपलं टपाल हातात आणून देऊन गेला, तेच जास्त लागलं. तुला हे ठाऊक नाही, पण औषध निरीक्षकाला मीच बोलावलं. म्हटलं, फळीवरचा खोका उचला नि तपासा.

त्याने दुकानाचं नाव झाकून, नुसता नंबर टाकून नमुना तू काम करतेस त्या सरकारी प्रयोगशाळेत पाठवला. पण वाचता न येणाऱ्यांसाठी मी खोक्यावर पेनने सूर्य आणि चंद्र काढतो, सकाळची गोळी, रात्रीची गोळी, हे आम्हा दोघांच्याही ध्यानात आलं नाही. लहानपणी त्याच सूर्यांना मिशा काढून तू धपाटे खाल्लेस. खोका टेबलावर येताच तू ओळखलंच असणार.

आणि तरी तू लिहिलंस, गोळीत औषधाचा अंशही नाही, नुसतं पीठ. निरीक्षकाने अहवाल दाखवला तेव्हा मी खालची तुझी सही तीनदा पाहिली. नेहमीसारखी टपोरी, एकही रेघ वाकडी नाही. ऊर भरून आला गं! शेजारचा शिंपी हळहळला, पोटच्या पोरीनेच बापाचं दुकान बंद पाडलं. म्हटलं, मग! पोर कुणाची आहे?

काल तो एजंट आला होता. नमुन्यांची अदलाबदल झाली असेल, एवढंच मुलीला बोलायला सांगा, परवाना वाचेल, म्हणाला. त्याला असा फैलावर घेतला की चप्पल घालायचंही त्याला सुचेना. त्याचं नाव आणि नंबर निरीक्षकाकडे पोचलेत. पण आईकडून कळलं, सुनावणीत साक्षीला तुझ्याऐवजी दुसऱ्या कुणाला पाठवावं, असा अर्ज तू प्रयोगशाळेत दिला आहेस. तो आधी मागे घे. खोटा माल मी विकला, हे मी तिथे सांगणारच आहे, तू तुझं काम कर. माझ्याकडे बघून आवाज बारीक करू नकोस. आणि दुकान कुणाचं, असं कुणी विचारलंच, तर मान वर करून सांग, माझ्या बाबांचं.

तुझाच,
सध्या बिनकामाचा, पण ताठ मानेचा बाबा